भित्र्या श्वानाचे कुटुंब : एक प्राथमिक विवेचन

शहरी महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांमध्ये पाळल्या जाणाऱ्या श्वानांचे जातिवंत आणि गावठी असे दोन वर्ग पाडण्याचा प्रघात असला, तरी संस्थेच्या सर्वसाधारण सभेत खऱ्या अर्थाने मान्यता पावलेले वर्गीकरण भुंकणारे आणि न भुंकणारे असेच असते. या दोन्हींत विखुरलेला तिसरा वर्ग, म्हणजे घाबरणाऱ्या श्वानांचा, इतिवृत्तात कधीच नोंदला जात नाही. असा श्वान लिफ्टमध्ये भुंकला तर तो 'डेंजर' ठरतो, जिन्यात अंग चोरून भिंतीला चिकटला तर 'गरीब' ठरतो, आणि पाहुणे येताच पलंगाखाली गेला तर 'लाडावलेला' ठरतो. तिन्ही प्रसंगी त्याच्या मनात एकच भावना असते आणि ती सांगण्याचा प्रयत्न त्याने आपल्या परीने केलेला असतो, परंतु ही बाब सभेपुढे येत नाही, कारण तोवर चर्चा पार्किंगकडे वळलेली असते.

या विषयाच्या अभ्यासकांनी भीती आणि चिंता यांत जो भेद केला आहे, तो घरगुती उदाहरणाने चटकन स्पष्ट होतो. समोर असलेल्या धोक्याला मनाने आणि शरीराने दिलेला प्रतिसाद म्हणजे भीती, आणि अद्याप न आलेल्या धोक्याची आगाऊ चाहूल म्हणजे चिंता. म्हणजेच मिक्सर सुरू होताच पलंगाखाली जाणे ही भीती होय, आणि ओट्यावर सोललेला नारळ दिसताच जाणे ही चिंता होय. यापुढची पायरी सामान्यीकरणाची, म्हणजे एका वस्तूची भीती तिच्यासारख्या किंवा तिच्यासोबत येणाऱ्या इतर वस्तूंना चिकटण्याची असते, आणि तिथवर पोहोचलेला श्वान नारळ आणणाऱ्या मामांना पाहूनही जागा सोडतो. मामा हा अपमान मनावर घेतात. आपण इतके जीव लावतो आणि हा आपल्याकडे पाठ फिरवतो, अशी तक्रार ते दोन दिवाळ्या करत राहतात, आणि तिसऱ्या वेळी पुन्हा नारळच घेऊन येतात.

भीतीच्या कारणांविषयी पालकांमध्ये, विशेषतः रस्त्यावरून किंवा निवाऱ्यातून पिल्लू घरी आणणाऱ्या पालकांमध्ये, एक सार्वत्रिक सिद्धान्त प्रचलित आहे, तो असा की या जिवाला पूर्वायुष्यात कोणीतरी मारले असावे. श्वान छत्रीला घाबरत असेल तर मारणाऱ्याच्या हाती छत्री होती, केरसुणीला घाबरत असेल तर केरसुणी होती, आणि तो हेल्मेटलाही घाबरत असेल तर या सिद्धान्तानुसार एक अज्ञात खलपुरुष हेल्मेट घालून, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात केरसुणी घेऊन शहरभर पिल्ले हुडकत फिरत असला पाहिजे. असे क्रौर्य घडत नाही असे नाही. परंतु बहुसंख्य भित्र्या श्वानांच्या बाबतीत कारण याहून पुष्कळ नीरस असते, म्हणजे छत्री, केरसुणी आणि हेल्मेट या वस्तू त्यांनी योग्य वयात पाहिलेल्याच नसतात. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतील मेन राज्यात केलेल्या आणि १९६५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या प्रदीर्घ संशोधनातून असे पुढे आले, की साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा पिल्लाच्या सामाजिकीकरणाचा, म्हणजे 'जगात काय काय असते आणि त्यातले काय चालण्यासारखे आहे' हे ठरवण्याचा काळ असतो. नेमक्या याच काळात काही पिल्ले विक्रेत्याच्या पिंजऱ्यात असतात, तर काही लसीकरण पूर्ण होईपर्यंत बाल्कनीच्या जाळीतून जगाकडे पाहत बसतात. त्यात आईकडून आलेल्या स्वभावाचा वाटा मिसळला, की खलपुरुषाची गरज उरत नाही. कुटुंबाला मात्र तो हवा असतो, कारण राग धरायला कोणीतरी लागते.

उपायांकडे वळल्यास, मराठी कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आणि कोणत्याही भीतीवर रामबाण मानला गेलेला उपाय म्हणजे घाबरणाऱ्याला उचलून विहिरीत टाकणे हा होय. पोहायला शिकवण्याच्या या पद्धतीतून जे तरले ते तिची महती सांगायला मागे उरले, आणि बाकीच्यांचे मत घेण्याची सोय राहिली नाही, हा या पद्धतीच्या लोकप्रियतेतील मोठा भाग आहे. मानसशास्त्रात हिला 'फ्लडिंग' म्हणतात, म्हणजे भीतीच्या विषयासमोर रुग्णाला पूर्ण तीव्रतेने आणि सुटकेचा मार्ग न ठेवता उभे करणे. ढोल-ताशाला घाबरणाऱ्या श्वानाला विसर्जन मिरवणुकीच्या दिवशी मुद्दाम लक्ष्मी रस्त्यावर नेणारे गृहस्थ हीच पद्धत अवलंबत असतात, आणि 'एकदा सवय झाली की काही वाटत नाही' हे त्यांचे विधान ते अर्थातच स्वतःच्या कानांवरून करतात.

या उपायाचा परिणाम होत नाही असे म्हणणे चुकीचे ठरेल. परिणाम होतो, आणि तो दिसायला इतका समाधानकारक असतो, की त्यातला धोका लक्षात येत नाही. १९६७ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी केलेल्या प्रयोगांत ज्या श्वानांना टाळता न येणारे विजेचे धक्के दिले गेले होते, त्यांतील बहुतेक श्वान पुढे सहज पळून जाण्याची वाट उपलब्ध असतानाही पळाले नाहीत. ते खाली बसून धक्के सोसत राहिले. या अवस्थेला अध्ययित असहायता, म्हणजे आपण काहीही केले तरी फरक पडत नाही असे शिकून घेतलेले हताशपण, असे नाव मिळाले. मिरवणुकीच्या मध्यभागी न हलता, न भुंकता, जीभ आत ओढून उभा राहिलेला श्वान पाहून 'बघा, झाला की नाही शहाणा?' असे जे उद्गार निघतात, ते बहुधा याच अवस्थेचे कौतुक असते. शांत असणे आणि गप्प होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे सरकारी कचेरीच्या खिडकीपुढे रांगेत उभ्या राहिलेल्या कोणत्याही नागरिकाला समजावून सांगण्याची गरज पडू नये.

दुसरा उपाय दरारा निर्माण करण्याचा. घरातील कर्त्या पुरुषाने श्वानाला आपणच कळपाचे म्होरके आहोत हे दाखवून द्यावे, त्याच्या आधी जेवावे, त्याच्या आधी दारातून बाहेर पडावे आणि प्रसंगी त्याला उताणे पाडून दाबून धरावे, असे सांगणारे एक शास्त्र अद्यापही प्रचारात आहे. त्याचे मूळ १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी बासेलच्या प्राणिसंग्रहालयातील बंदिस्त लांडग्यांच्या केलेल्या निरीक्षणांत सापडते. डेव्हिड मेक या अमेरिकन संशोधकाच्या १९७० मधील ग्रंथामुळे ते सर्वदूर पोहोचले, आणि पुढे मुक्त लांडग्यांचा अभ्यास केल्यावर याच मेक यांनी १९९९ मध्ये असे मांडले, की रानातला कळप म्हणजे सामान्यतः आईवडील आणि त्यांची मुले यांचे कुटुंब असते, आणि त्यात म्होरकेपण लढून मिळवावे लागत नाही. एवढ्यावर न थांबता ते स्वतःच्याच जुन्या ग्रंथाची छपाई बंद करावी म्हणून प्रकाशकाच्या मागे लागले. मराठी साहित्यव्यवहारात लेखक प्रकाशकाच्या मागे लागतो तो याच्या नेमक्या उलट कारणासाठी, त्यामुळे ही घटना इकडे विश्वासार्ह वाटत नसावी, आणि दराऱ्याचे शास्त्र टिकून राहण्याचे तेही एक कारण असू शकेल. श्वानाच्या आधी जेवणाऱ्या कर्त्या पुरुषाविषयी एवढेच म्हणता येईल, की त्यामुळे त्याचे जेवण वेळेवर होते.

करुणेवर आधारलेल्या प्रशिक्षणाचा उगम शोधू गेल्यास अभ्यासक १९२४ या वर्षापाशी येऊन थांबतो. त्या वर्षीच्या सप्टेंबरात लेनिनग्राडमध्ये नेवा नदीला मोठा पूर आला आणि इव्हान पाव्हलोव्ह यांच्या प्रयोगशाळेतील श्वान पिंजऱ्यांत अडकले. पाणी चढत असताना सेवकांनी त्यांना कसेबसे बाहेर काढले. श्वान वाचले, परंतु त्यांपैकी काहींच्या बाबतीत महिनोन्‌महिने खपून पक्के केलेले प्रतिक्षेप पुसले गेले, आणि ते पूर्ववत झाल्यावरही दाराखालून पाण्याची बारीक धार खोलीत सोडताच ते पुन्हा ढासळले. भीती ही शिकवलेल्या सर्व गोष्टींच्या वर बसते, आणि ती तिथे असताना 'बस' आणि 'थांब' असे ओरडत राहणे व्यर्थ आहे, हा धडा त्या पुरातून मिळण्यासारखा होता. त्याच वर्षी अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या, सशाला घाबरणाऱ्या लहान मुलाचे प्रकरण प्रसिद्ध केले. मूल आवडीचे खाणे खात असताना पिंजऱ्यातला ससा त्याच्यापासून पुरेसा दूर ठेवायचा आणि मुलाच्या खाण्यात व्यत्यय येणार नाही इतक्या बेताने तो दिवसेंदिवस जवळ आणायचा, असा त्यांचा क्रम होता. अखेरीस पीटर सशाला जवळ घेऊ लागला. पुढे दक्षिण आफ्रिकेत जोसेफ वोल्पे यांनी मांजरांवर प्रयोग करून या विचाराला पद्धतीचे रूप दिले आणि १९५८ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. श्वानाची भीती घालवण्याचे हे तंत्र अशा रीतीने एक मूल, एक ससा आणि काही मांजरे यांच्या साहाय्याने सिद्ध झाले असून, ही हकीकत श्वानांपासून लपवून ठेवणेच इष्ट होय.

या तंत्राची दोन अंगे आहेत. क्रमशः असंवेदनीकरण म्हणजे भीतीचा विषय इतक्या सौम्य रूपात समोर आणणे, की श्वानाला तो जाणवावा पण त्याने घाबरू नये. आणि प्रति-अभिसंधान म्हणजे त्या विषयाची सांगड एखाद्या अत्यंत आवडत्या गोष्टीशी घालून त्याचा अर्थच बदलून टाकणे. कुकरच्या शिट्टीचे उदाहरण घेतल्यास, प्रथम शिट्टीचा आवाज ध्वनिमुद्रित करून तो शेजारच्या खोलीतून अगदी हळू ऐकवायचा, आवाज आला की लगेच पनीरचा तुकडा द्यायचा, आणि श्वान आवाजानंतर अपेक्षेने तोंड वर करू लागला की मगच आवाज किंचित वाढवायचा. क्रम येथे सर्वस्व आहे. आधी शिट्टी आणि मग पनीर असे झाले तर शिट्टी ही पनीरची वर्दी ठरते. आधी पनीर आणि मग शिट्टी असे झाले तर पनीर ही शिट्टीची वर्दी ठरते आणि श्वान पनीरलाही घाबरू लागतो. बहुतेक कुटुंबांत हा क्रम बिघडवण्याचे काम आजी करतात, कारण 'आता शिट्टी होईल, बिचाऱ्याला आधीच काहीतरी द्या' ही त्यांची करुणा शास्त्राच्या अर्धा मिनिट पुढे चालत असते. आजोबांचा प्रश्न वेगळा असतो. वरण-भाताच्या कुकरला होणाऱ्या चार शिट्ट्यांना चार तुकडे या हिशेबाने महिन्याचे पनीर किती होते हे ते वहीत मांडून दाखवतात, आणि काही दिवसांनी शिट्टी होताच स्वतःही स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहू लागतात, यावरून अभिसंधानाचे नियम सर्व सस्तन प्राण्यांना समान लागू पडतात असे म्हणावयास हरकत नाही.

येथे एका गैरसमजाचा निरास आवश्यक आहे. घाबरलेल्या श्वानाला जवळ घेतल्यास किंवा खाऊ दिल्यास त्याची भीती 'पक्की' होते, असे अनेक सुशिक्षित पालक मानतात आणि त्यापायी थरथरणाऱ्या प्राण्याकडे पाठ करून वर्तमानपत्र वाचत बसतात. बक्षिसाने कृती वाढते हे खरे असले, तरी भीती ही कृती नसून भावना आहे, आणि पनीर मिळते म्हणून कोणी अधिक मनापासून घाबरत नाही. याउलट गुरगुरणाऱ्या श्वानाला शिक्षा करणे मात्र खरोखर धोक्याचे असते, कारण त्यामुळे भीती जात नाही, फक्त तिची पूर्वसूचना जाते. मग तो न गुरगुरता थेट चावतो, आणि 'काहीही कारण नसताना चावला' अशी नोंद शेवटी इतिवृत्तात होते.

गुरगुरण्याच्या कितीतरी आधी श्वान बोलू लागलेला असतो. तोंड फिरवणे, नाक चाटणे, झोप आलेली नसताना जांभई देणे, एक पाय उचलून धरणे, कोरडे असताना अंग झाडणे या खुणांकडे नॉर्वेच्या प्रशिक्षिका टुरिड रुगास यांनी जगाचे लक्ष वेधले. मराठी दिवाणखान्यात या खुणांचे वाचन साधारणतः असे होते : जांभई दिली म्हणजे रात्री झोप झाली नाही, नाक चाटले म्हणजे भूक लागली, आणि तोंड फिरवले म्हणजे लाजला. 'मला कुत्री काही करत नाहीत' असे दारातच जाहीर करणारा पाहुणा हा या खुणांच्या वाचनातील सर्वांत निरक्षर घटक होय. तो थेट डोळ्यांत पाहत समोरून येतो, श्वानावर ओणवा होतो, डोक्यावर थापटतो, आणि श्वान मागे सरकला की हाही पुढे सरकतो. यासंदर्भात संत नामदेवांची कथा आठवते. पोळी पळवणाऱ्या श्वानामागे ते कोरडी खाऊ नये म्हणून तुपाची वाटी घेऊन धावले. नामदेवांना त्या श्वानात परमेश्वर दिसला, परंतु श्वानाला काय दिसले याचा विचार केल्यास, हातात काहीतरी धरून मागे धावणारा एक माणूस दिसला असावा. संतांच्या भक्तीविषयी कोणतीही शंका न घेता वर्तनशास्त्र एवढेच सुचवू शकते, की वाटी जमिनीवर ठेवून, तोंड बाजूला करून, चार पावले मागे जाऊन बसावे. पाहुण्यांकडून यातील मागे जाऊन बसणे एवढे जरी साधले, तरी पुष्कळ झाले.

फिरायला नेणे ही या कुटुंबांच्या आयुष्यातील खरी परीक्षा असते. प्रत्येक श्वानाचा एक उंबरठा असतो, म्हणजे भीतीच्या विषयापासूनचे असे अंतर, की ज्याच्या पलीकडे तो विचार करू शकतो, खाऊ शकतो, मालकाची हाक ऐकू शकतो, आणि ज्याच्या अलीकडे यांतले काहीच करू शकत नाही. हातातला खाऊ श्वानाने नाकारला, की अंतर कमी पडते आहे असे समजावे. प्रशिक्षणाचा मोठा भाग हे अंतर राखण्यात जातो, त्यामुळे असे पालक वळणावर थबकून कानोसा घेतात, समोरून लॅब्राडोर येताना दिसला की अचानक पाठ फिरवून चालू लागतात आणि उभ्या टेम्पोच्या आडोशाला श्वानासह दबा धरून बसतात. कालांतराने त्यांना परिसरातील प्रत्येक श्वानाची बाहेर पडण्याची वेळ, दूधवाल्याचा मार्ग आणि पाण्याच्या टँकरचा दिवस तोंडपाठ होतो. ज्या माहितीसाठी पोलिसांना खबरे नेमावे लागतात, ती यांच्याकडे फुकट असते. आणि पहाटे साडेपाचला टोपी घालून गाड्यांमागून डोकावणाऱ्या या गृहस्थांविषयी सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर विचारणा झाली, तर तिला सर्वस्वी अनाठायी म्हणता येत नाही.

आतापर्यंतच्या विवेचनावरून सुज्ञ वाचकाच्या लक्षात आले असेल, की प्रशिक्षण म्हणून जे चालते त्यात श्वानाला फारच थोडे करावे लागते. वेळ पाळणे, आवाज न चढवणे, प्रगती झाली नाही म्हणून चिडचिड न करणे आणि 'अमक्यांच्या कुत्र्याला तीन दिवसांत फरक पडला' हे ऐकून घेणे, ही सर्व कामे माणसांच्या वाट्याला येतात. स्वीडनमधील संशोधकांनी २०१९ मध्ये शेटलंड शीपडॉग आणि बॉर्डर कोली या जातींचे श्वान व त्यांचे पालक यांच्या केसांतील कॉर्टिसॉलचे, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरकाचे, मापन केले, तेव्हा दोघांच्या दीर्घकालीन पातळ्या परस्परांशी जुळत्या आढळल्या, आणि हा ताण श्वानाकडून माणसाकडे जाण्यापेक्षा माणसाकडून श्वानाकडे जात असावा असा कल दिसला. 'याच्यामुळे माझे बीपी वाढले' असे पशुवैद्याला सांगणाऱ्या पालकांनी हे संशोधन न वाचलेलेच बरे. परंतु त्यांना हसून सोडून देणेही न्याय्य नाही. ज्या माणसाला आपल्या श्वानाच्या भुंकण्याबद्दल दर चार दिवसांनी कोणाची तरी क्षमा मागावी लागते, ज्याने सहकुटुंब गावी जाणे सोडलेले असते आणि ज्याला 'इतकं काय त्या कुत्र्याचं?' हे नातेवाइकांकडून ऐकावे लागते, त्याच्या वाट्याला करुणेचा एक घास यायला हवा, आणि चांगला प्रशिक्षक पहिल्या भेटीत श्वानाकडे फारसे न पाहता त्याच्याशीच बोलतो, ते याच कारणाने.

दिवाळीची तयारी या कुटुंबांत मे महिन्यात सुरू होते. फटाक्यांचे ध्वनिमुद्रण अत्यल्प आवाजात ऐकवण्यास तेव्हाच प्रारंभ केला, तर ऑक्टोबरपर्यंत काही पल्ला गाठता येतो. मात्र भर उन्हाळ्यात भिंतीपलीकडून लवंगी आणि माळांचे आवाज येऊ लागल्यावर शेजाऱ्यांना काय वाटते, हा वेगळ्या अभ्यासाचा विषय आहे. प्रत्यक्ष सणात आतली खोली, ओढलेले पडदे, पंखा आणि दूरदर्शन यांचा एकसुरी आवाज, अंधार पडण्यापूर्वी उरकलेला फेरफटका, आणि घाबरून पळालाच तर सापडावा म्हणून गळ्यात फोन क्रमांकाची पट्टी, एवढी व्यवस्था लागते. कायद्याने फटाक्याच्या आवाजाची मर्यादा फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबल ठरवली आहे आणि रात्री १० नंतर फटाके उडवण्यास सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच मनाई केली आहे. परंतु माणसाच्या सुमारे २०,००० हर्ट्झच्या तुलनेत ४५,००० हर्ट्झपर्यंत ऐकणाऱ्या कानांना सुतळी बॉम्ब पेटवणाऱ्याच्या हातात घड्याळ असते याची खात्री वाटत नाही. भीती तीव्र असेल तर पशुवैद्याच्या सल्ल्याने औषध देण्यात काहीही कमीपणा नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने श्वानांच्या आवाजभीतीसाठी, हिरडी आणि गाल यांच्यामध्ये लावायच्या डेक्समेडेटोमिडीन जेलला मान्यता दिली. केवळ गुंगी आणणारी औषधे मात्र अंग सैल करतात आणि मन जागे ठेवतात, म्हणून घरातल्या कोणाच्या झोपेच्या गोळीचा तुकडा देण्याचा पारंपरिक उपाय सर्वथा वर्ज्य आहे.

भाऊबीज झाली की कुटुंब सुटकेचा निःश्वास टाकते, आणि तुळशीच्या लग्नाला उरलेले फटाके बाहेर येतात. त्यानंतर लग्नसराई असते, क्रिकेटचे सामने असतात आणि वर्षाआड कुठली ना कुठली निवडणूक असते. या घरांमधील राजकीय मतभेद हळूहळू मावळत गेल्याचे आढळते. मतमोजणीच्या दिवशी पडदे ओढून, पनीर चिरून आणि पंखा पाचावर ठेवून बसलेल्या या मंडळींना कोण निवडून येतो यात रस उरलेला नसतो. प्रत्येक उमेदवाराचे प्रचार कार्यालय कुठे आहे आणि त्याची विजयी मिरवणूक कोणत्या रस्त्याने निघेल, एवढ्याच निकषावर त्यांनी मतदान केलेले असते.